रजिस्ट्रीच्या सफाईचा व्यवसाय

१९९२ साली विंडोज ३.१ बरोबर रजिस्ट्री अवतरली, तेव्हा तिचा अधिकार फार मोठा नव्हता. अमुक फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडावी, अशा थोड्या नोंदी तिच्यात असत, आणि बाकीच्या साऱ्या तजविजी ‘आयएनआय’ नावाच्या साध्या मजकुरी फाइलींत विखुरलेल्या राहत. विंडोज ९५ ने हा विखुरलेला कारभार रजिस्ट्रीच्या एका दप्तरात आणला. मग प्रत्येक प्रोग्रॅम येताना आपल्या नोंदी तेथे दाखल करू लागला, पण जाताना त्या खारीज करण्याची दक्षता पुष्कळांनी घेतली नाही.

त्या काळी या साठ्याविषयी वाटणारी चिंता अगदीच निराधार नव्हती. विंडोज २००० पर्यंतच्या एनटी घराण्यात रजिस्ट्रीचा मुक्काम ‘पेज्ड पूल’ नामक मर्यादित स्मृतिविभागात असे, आणि त्याच्या ८० टक्क्यांपलीकडे वाढण्याची तिला मुभा नव्हती. खुद्द मायक्रोसॉफ्टनेही ‘रेगक्लीन’ नावाचे सफाईचे साधन दिले होते, जे पुढे मागे घेतले. परंतु २००१ मध्ये विंडोज एक्सपीने ती मर्यादाच उठवली आणि दप्तराचा लागेल तेवढाच भाग स्मृतीत आणण्याची व्यवस्था केली. व्याधी गेली, औषधाचा बाजार मात्र त्यानंतरच खरा भरभराटीस आला, ही गोष्ट मला अतिशय खेदाची वाटते.

रजिस्ट्रीची रचना शाखोपशाखांची असून प्रत्येक शाखेतील नावे क्रमवार लावलेली असतात. म्हणून जाडजूड शब्दकोशातून शंभर शब्द वगळल्याने जसा हवा तो शब्द लवकर सापडत नाही, तसा हजारो नोंदींतून काही शे मृत नोंदी काढल्याने संगणकाला वेग येत नाही. विंडोजच्या अंतरंगाचे जाणकार मार्क रसिनोविच यांनी २००५ मध्येच लिहिले होते की, रजिस्ट्री बेसुमार फुगली तरी, ती समग्र धुंडाळण्याचा प्रसंग सोडल्यास, वेगावर फारसा परिणाम होत नाही. तरीही फुकट तपासणी करून शेकडो ‘दोष’ दाखवायचे आणि त्यांच्या निवारणाचे दाम मागायचे, हा शिरस्ता पडला. २००८ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने ‘रजिस्ट्री क्लीनर एक्सपी’च्या विक्रेत्यांवर, खोट्या इशाऱ्यांनी लोकांना भेडसावून ३९.९५ डॉलरांना ते विकल्याच्या आरोपावरून, दावा गुदरला.

सफाईनंतर यंत्र चपळ झाल्याचा अनुभव सांगणारे प्रामाणिक असतात, याविषयी मला शंका नाही. परंतु अशी बरीच साधने त्याच बैठकीत तात्पुरत्या फाइली पुसतात व यंत्र सुरू होताच आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम थोपवतात. या प्रोग्रॅमांची यादी ‘रन’ नावाच्या शाखेत असते खरी, पण भार पडतो तो त्या प्रोग्रॅमांच्या चालण्याचा, नोंदीचा नव्हे. आणि त्यांना थोपवण्याची सोय विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये विंडोज ८ पासून विनामूल्य आहे. उलट एखादी जिवंत नोंद मृत समजून काढली गेली, तर प्रोग्रॅम उघडेनासा होतो, क्वचित संपूर्ण प्रणाली नव्याने बसवावी लागते. याच कारणास्तव अशा साधनांच्या वापराला आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे.