करारावरचे पैसे

एप्रिलमध्ये माझं अप्रेझल झालं. मॅनेजरने आकडा सांगितला आणि लगेच म्हणाला, ‘टीममध्ये बोलू नकोस.’ पनवेलला घरी आल्यावर बाबांना सांगितलं. त्यांनी तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आयुष्य काढलं. ते हसले. ‘आमची पगारवाढ नोटीस बोर्डावर लागायची.’

त्यांचा पगार युनियनच्या ‘करारा’ने ठरायचा. मी विचारलं, ‘स्वतःसाठी त्याच्यावर काही मागता आलं नसतं का तुम्हाला?’

‘आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी डब्याला कुणाशेजारी बसलो असतो?’

हा संकोच समजायला मुंबईच्या गिरण्यांपर्यंत मागे जावं लागतं. तिथे भरती जॉबरच्या हातात होती. कामावर तोच घ्यायचा, काढायचाही तोच, आणि दस्तुरी उकळायचा. एकाच कामाचे दर गिरणीगणिक वेगळे. म्हणजे ‘ज्याने त्याने आपापलं जमवावं’ ही पद्धत कामगारांनी आधीच भोगली होती. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपानंतर समान दरांचा प्रश्न फॉसेट समितीपुढे आला. प्रत्यक्ष प्रमाणित वेतन यायला १९४७ चा औद्योगिक न्यायालयाचा निवाडा लागला.

पण करार कामगारांनाच अपुरा वाटला तर? १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार गिरणी कामगारांच्या वतीने बोलायचा अधिकार एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. त्याच्यावर नाराज झालेले कामगार दत्ता सामंतांकडे गेले. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मालकांनी सामंतांशी करार केला नाही. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. जे किमान असायला हवं होतं, ते त्यांच्यासाठी कमाल ठरलं होतं.

मग एकट्याने जास्त मागावं का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये जे. आय. केस कंपनीच्या खटल्यात सांगितलं, की वैयक्तिक करार पुढे करून मालकाला सामूहिक वाटाघाटी टाळता येणार नाहीत. एकाला जास्त देताना बऱ्याचदा इतरांचं काहीतरी मोडलं जातं. जर्मनीच्या १९४९ च्या कायद्यात मात्र करारापेक्षा कामगाराच्या फायद्याचं काही ठरलं, तर ते चालतं.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या एमआरटीयू कायद्याने मधली वाट धरली. मान्यताप्राप्त युनियनशी प्रामाणिकपणे वाटाघाटी न करणं ही त्यात अनुचित प्रथा आहे. कामगारांत फूट पाडायला किंवा युनियन खिळखिळी करायला काहींना लायकी नसताना बढती देणं, आणि गुणवत्ता न बघता एका गटाला झुकतं माप देणं, हेही अनुचित. म्हणजे आक्षेप जास्त देण्याला नाही. का दिलं, हे सांगता आलं पाहिजे.

इथेच माझी गाडी अडते. माझ्या ऑफिसात युनियन नाही, करार नाही, नोटीस बोर्डही नाही. शेजारच्या डेस्कवरची मुलगी माझ्याइतकंच काम करते. मला मिळालेली वाढ कामाची, की गप्प बसण्याची, हे तिचा आकडा कळल्याशिवाय मलाही कळणार नाही.

सोमवारी तिला विचारणार आहे. आधी माझा सांगून.