अदृश्य धनी

‘अननोन’ या अमेरिकन मासिकाचा पहिला अंक मार्च १९३९ चा. त्या अंकात एरिक फ्रँक रसेल या चौतीस वर्षांच्या इंग्रज लेखकाची एक संपूर्ण कादंबरी छापली होती : ‘सिनिस्टर बॅरियर’. त्याच महिन्याच्या पंधरा तारखेला हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही, हे उघड आहे. तरीही आज ही कादंबरी वाचताना ती तारीख मनातून जात नाही.

जॉन कँपबेल या संपादकाने केवळ ही कादंबरी छापता यावी म्हणून नवे मासिक काढले, अशी एक आख्यायिका विज्ञानकथेच्या रसिकांत बराच काळ फिरत होती. ती खरी मानण्याचे कारण नाही. मासिकाची आखणी त्याआधीच झालेली होती. अर्थात अशी आख्यायिका जन्माला यावी, एवढा त्या कथाकल्पनेचा पगडा होता.

कथानक घडते २०१५ साली. म्हणजे लेखकाच्या दूरच्या भविष्यात आणि आपल्या नुकत्याच सरलेल्या भूतकाळात. जगातील नामवंत वैज्ञानिक एकामागून एक मरू लागतात. कुणाचे हृदय बंद पडते, कुणी आत्महत्या करतो. बिल ग्रॅहॅम नावाचा एक सरकारी अधिकारी या मृत्यूंमागचे सूत्र शोधू लागतो आणि ते सूत्र ब्यॉर्नसेन या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या प्रयोगापाशी येऊन ठेपते. आयोडिन, मेथिलीन ब्ल्यू आणि मेस्कल यांच्या योगाने मानवी दृष्टीची मर्यादा ओलांडता येते, असा तो प्रयोग. ती ओलांडली की दिसतात हवेत तरंगणारे निळसर तेजाचे गोळे. रसेल त्यांना ‘व्हायटन’ म्हणतो. माणसाच्या तीव्र भावना, विशेषतः वेदना, द्वेष आणि भय, हे त्यांचे अन्न. युद्धे, दंगली, धर्मवेड ही सारी त्यांची शेती. आपण त्यांची गुरे. कादंबरीच्या अगदी आरंभीच दूध देण्यास नकार देणाऱ्या गायीची उपमा येते, आणि अशा गायीचे काय होते ते वेगळे सांगायला नको.

कथेतला सर्वांत प्रभावी भाग मात्र गोळ्यांच्या वर्णनात नाही. व्हायटनांना जवळच्या माणसाच्या मनातले वाचता येते. त्यामुळे त्यांच्याविषयी ज्ञान होणे हेच मरणाचे कारण ठरते. ज्याला कळले त्याने त्या गोष्टीचा विचार करायचा नाही, आणि विचार न करता शोध तर पुढे न्यायचा, असा हा पेच आहे. पहिल्या अर्ध्या भागात रसेलने तो उत्तम ताणला आहे. उत्तरार्ध त्या मानाने सामान्य. पात्रे पुठ्ठ्याची, संवादात अमेरिकन गुप्तहेरकथांची उसनी ऐट (लेखक इंग्रज असल्याने ती अधिकच खटकते), आणि शेवटी एका विशिष्ट रेडिओलहरीचा शोध लागून शत्रूचा घाईघाईने निकाल. असो.

न दिसणाऱ्या भक्षकाची कल्पना रसेलची नव्हे. भुताखेतांच्या कथा सोडून दिल्या, तरी मोपासाँची ‘ल ओर्ला’ १८८७ ची आणि अँब्रोज बिअर्सची ‘द डॅम्ड थिंग’ १८९३ ची. हा काळ लक्षात घ्यावा. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचे जंतू दाखवून दिले. १८८५ मध्ये पाश्चरने एका मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस टोचली. डोळ्यांना न दिसणारे काहीतरी आपल्या देहावर जगते, ही आजवर मांत्रिकाची समजली जाणारी गोष्ट प्रयोगशाळेत सिद्ध झाली होती. वेल्सने १८९८ मध्ये तीच उलटी फिरवली : त्याचे मंगळवासी माणसाच्या रक्तावर जगतात आणि सूक्ष्म जंतूंमुळे मरतात. कॉखने क्षयाचे जंतू रंगवून दृश्य केले ते मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाने, आणि रसेलच्या मिश्रणातही तोच रंग आहे. फरक एवढाच की इथे रंग जंतूला चढत नाही, पाहणाऱ्याला दिला जातो. तांबड्या रंगापलीकडे न दिसणारा प्रकाश असतो, हे विल्यम हर्शेलने १८०० सालीच साध्या तापमापकाने दाखवले होते. व्हायटन राहतात ते त्याच अवरक्त प्रदेशात.

पण कादंबरीचा खरा उगम प्रयोगशाळेत नसून वर्तमानपत्रांच्या कात्रणांत आहे. चार्ल्स फोर्ट (१८७४–१९३२) या अमेरिकन गृहस्थाने आयुष्याची अनेक वर्षे न्यूयॉर्क आणि लंडन येथील ग्रंथालयांत बसून विज्ञानाने बाजूला टाकलेल्या नोंदी गोळा केल्या : बेडकांचा पाऊस, आकाशातील अनोळखी दिवे, नाहीशी झालेली माणसे. ‘द बुक ऑफ द डॅम्ड’ हे त्याचे पुस्तक १९१९ चे. ‘लो!’ हे त्याचे दुसरे एक पुस्तक ‘अस्टाउंडिंग’ या विज्ञानकथांच्या मासिकात १९३४ मध्ये क्रमशः आले. आपण सारे कुणाची तरी मालमत्ता असावी, हा त्याचा निष्कर्ष. तो कितपत गंभीर आणि कितपत मिश्किल, हे फोर्टने वाचकावर सोडले आहे. रसेलने मात्र तो गंभीरपणे घेतला. फोर्टच्या अनुयायांच्या संस्थेचा तो ब्रिटनमधील प्रतिनिधी होता. पुढे पुस्तकाच्या प्रस्तावनेत कथेचे मूळ सांगताना त्याने एक प्रश्न नोंदवला आहे : सगळ्यांना शांतता हवी आहे, तर ती मिळत का नाही?

प्रश्न प्रामाणिक आहे. १९३८–३९ च्या इंग्लंडमध्ये तो कुणालाही पडावा. आक्षेप आहे तो उत्तराला. आपला द्वेष आपला नव्हेच, तो कुणीतरी आपल्यात पेरतो आणि कापून नेतो, हे उत्तर भयंकर वाटते. वस्तुतः ते फार सुखाचे आहे. त्यात माणूस निर्दोष सुटतो. आणि ज्याला हे उत्तर पटले, त्याला गोळे दिसण्याची वाट पाहण्याचीही गरज उरत नाही. दोर हलवणारा म्हणून तो शेजाऱ्याकडेही बोट दाखवू शकतो. १९०३ मध्ये रशियात छापले गेलेले ‘प्रोटोकॉल्स’ हे बनावट लिखाण नेमके हेच सांगत होते : इतिहासामागे एक लपलेली टोळी आहे आणि ती ज्यूंची आहे. ते लिखाण मॉरिस जोलीच्या १८६४ च्या एका उपहासात्मक पुस्तकावरून चोरलेले आहे, हे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्येच उघड केले, तरीही नाझी राजवटीने ते वापरायचे तसे वापरले. रसेलवर असला आरोप करणे अन्यायाचे होईल. त्याचे धनी माणसे नाहीतच. पण त्याच्या कादंबरीतही अमेरिकेवर तुटून पडणारे सैन्य आशियाई आहे. व्हायटनांनी चिथावलेले का होईना, कापले जाणारे सैनिक तेच. अदृश्य शत्रूची कथा सांगतानाही दृश्य शत्रू लागला, आणि तो अमेरिकन मासिकांच्या नेहमीच्या साठ्यातून आला.

युद्ध आले. रसेल रॉयल एअर फोर्समध्ये गेला. १९४३ मध्ये कादंबरी ब्रिटनमध्ये पुस्तकरूपाने निघाली, आणि त्याच वर्षी कागदाच्या टंचाईने ‘अननोन’ एकोणचाळिसाव्या अंकावर बंद पडले. सुधारित अमेरिकन आवृत्ती १९४८ ची.

त्यानंतर तीन वर्षांनी, जून १९५१ च्या ‘अस्टाउंडिंग’मध्ये, रसेलने सत्तेचा हाच प्रश्न पुन्हा हाताळला. ‘अँड देन देअर वेअर नन’ या दीर्घकथेत पृथ्वीचे एक अवाढव्य जहाज राजदूत आणि सैनिक घेऊन एका वसाहतीवर उतरते. तिथले लोक स्वतःला ‘गँड’ म्हणवतात. गांधींवरून घेतलेले नाव. ते शस्त्र उचलत नाहीत. सांगितलेले करायचे नाही म्हणतात, एवढेच; आणि मग आपापल्या कामाला लागतात. इथे धनी अदृश्य नाही. तो गणवेशात समोर उभा आहे, आणि दूध द्यायला कुणीच तयार नाही. जहाजावरची माणसे एकेक करून त्या वसाहतीत पळू लागतात, आणि जहाज चालवण्यापुरती माणसे हाताशी आहेत तोवरच राजदूत उड्डाणाचा हुकूम देतो.