रिंगेचा कोन : घरबांधणीच्या संहितेची एक बाजू

2009 साली नाशिकला आमच्या घराचे बांधकाम चालू होते. रजा काढून मी आठवडाभर तेथे होतो. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती ज्या लोखंडी रिंगा बांधतात, त्यांची टोके काटकोनात वळवून सोडून दिलेली माझ्या पाहण्यात आली. भूकंपरोधक बांधकामासंबंधीच्या भारतीय मानक 13920 प्रमाणे ही टोके 135 अंशांत वळवून आत, काँक्रीटच्या गाभ्यात, शिरवावी लागतात. कारण साधे आहे. हादऱ्याने कॉलमवरील काँक्रीटचा थर गळून पडला की काटकोनातील रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फाकतात आणि कॉलम खाली बसतो. हे मी ठेकेदाराला सांगितले. तो आदबीने म्हणाला, “साहेब, तीस वर्षं अशाच रिंगा वळवतोय. माझं पडलेलं एक घर दाखवा.”

त्याच्या म्हणण्यात खोटे काही नव्हते. त्या तीस वर्षांत त्याच्या एकाही घराची परीक्षा झाली नव्हती, एवढेच. परंतु नियम छापून तेव्हा सोळा वर्षे झाली होती, आणि तो त्या गृहस्थाच्या कानावरही आला नव्हता, याचे मला अधिक नवल वाटले. त्या निमित्ताने जे वाचन झाले त्यातील काही भाग येथे मांडीत आहे.

आपल्याकडे भूकंपाचा विचार करून घरे बांधण्याची शास्त्रशुद्ध सुरुवात बलुचिस्तानात झाली. 1931 मध्ये तेथे माच येथे मोठा भूकंप झाला. त्यानंतर एस. एल. कुमार नावाच्या तरुण रेल्वे अभियंत्याने क्वेट्टा येथे रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी घरे उभारली. जुन्या लोखंडी रुळांचा सांगाडा आणि त्यात विटांच्या भिंती अशी ती रचना होती. त्यांनी आपली पद्धत 1933 मध्ये पंजाब इंजिनिअरिंग काँग्रेसपुढे निबंधरूपाने मांडली. 31 मे 1935 च्या पहाटे क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले, किमान तीस हजार माणसे गेली, आणि त्या ढिगाऱ्यांत कुमारांची घरे उभी राहिली. पुनर्बांधणीत लष्करी अभियंत्यांनी ‘क्वेट्टा बाँड’ ही विटांची रचना रूढ केली. विटा अशा लावायच्या की भिंतीत जागोजागी पोकळी राहावी, तिच्यात उभी सळई उतरवून पोकळी भरून घ्यावी. 1937 मध्ये क्वेट्टा नगरपालिकेसाठी बांधकाम संहिता झाली. ती पाळली गेली, कारण छावणीच्या शहरात बांधणाराही सरकारी शिस्तीतला आणि तपासणाराही. शिवाय ‘पोकळी ठेव, सळई घाल’ हा नियम गवंड्याला हाताने कळणारा होता.

उर्वरित देशातील बांधकाम-नियम मात्र वेगळ्याच कुळातले आहेत. मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला, 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि अंधाऱ्या, कोंदट चाळींत उजेड-वारा कसा येईल हा प्रशासनाच्या चिंतेचा विषय झाला. समोरच्या इमारतीने खिडकीचे आकाश किती अडवावे याचा साडेत्रेसष्ट अंशांचा प्रसिद्ध नियम याच काळातला. सामासिक अंतर, उंची, खोलीचे किमान क्षेत्रफळ, शौचालयाची जागा या सर्वांचा उगम सार्वजनिक आरोग्यात आहे. तो उद्देश उदात्त होता आणि त्याने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. पण त्याचा एक परिणाम असा की, नगरपालिकेच्या निरीक्षकाची नजर फीत लावून मोजता येईल तेवढेच पाहण्यास सरावली. भिंतीच्या पोटात काय आहे, हे त्याच्या नमुना-पत्रकात फारसे नव्हतेच.

1947 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने (आजचा मानक ब्यूरो) भूकंपाविषयीचे पहिले मानक, क्रमांक 1893, हे 1962 मध्ये प्रसिद्ध केले. इमारतींच्या प्रत्यक्ष बांधणीसंबंधी 4326 हे 1967 मध्ये आले. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून साऱ्या भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा अखंड पट्टा ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला आणि दख्खनचे पठार निश्चल आहे ही समजूत डळमळली.

राष्ट्रीय इमारत संहितेचा जन्म मात्र भूकंपापेक्षा काटकसरीतून झाला, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला लक्षणीय वाटेल. तत्कालीन नियोजन आयोगाने 1965 मध्ये तज्ज्ञ समिती नेमली. बांधकामाचा खर्च कसा कमी करता येईल हा तिचा विषय, आणि 1968 मध्ये तिचा अहवाल आला. गावोगावचे उपविधी कालबाह्य आहेत, काही ठिकाणी गरजेपेक्षा अधिक साहित्य वापरण्याची सक्ती करतात, म्हणून देशभर एक नमुना-संहिता असावी, अशी ही विचारसरणी. त्यातून 1970 ची संहिता निघाली. पुढे 1983, 2005 आणि 2016 मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. तिचे स्वरूप शिफारशीचे आहे. स्थानिक स्वराज्य हा राज्यांचा विषय असल्याने राज्याने वा नगरपालिकेने आपल्या नियमांत ती समाविष्ट केली तरच ती बंधनकारक ठरते. 74 व्या घटनादुरुस्तीने ‘इमारत बांधकामाचे विनियमन’ बाराव्या अनुसूचीत घालून नगरपालिकांकडे सोपविले, ते 1993 पासून.

योगायोग असा की, त्याच 1970 साली जॉर्ज अॅकरलॉफ यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरचा निबंध प्रसिद्ध झाला. विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक, घेणाऱ्याला नाही. अशा बाजारात चांगल्या मालाला किंमत मिळत नाही आणि हळूहळू तो बाजारातून उठतो. घर हा तर याहून अवघड माल आहे. काँक्रीट ओतले की रिंगेचा कोन मालकाला दिसत नाही, निरीक्षकाला दिसत नाही, आणि पुढील काळात ठेकेदारालाही आठवत नाही. योग्य कोन वळवणारा आणि न वळवणारा या दोघांची कोटेशने शेजारी ठेवली, तर आपण कोणते उचलतो, हे सांगायला नको.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता 6.2 च्या आसपास, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. प्राण घेतले ते घरांनी. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेला, मध्ये भरताड, आणि वर वर्षानुवर्षे थर चढत गेलेले मातीचे माळवद. याच प्रकारच्या घरांसाठी लिहिलेले मानक 13828 त्याच वर्षीचे आहे! भिंत 450 मिलिमीटरपेक्षा जाड नको; दर 600 मिलिमीटर उंचीवर, आडव्या अंतरात 1.2 मीटरच्या आत, भिंतीच्या आरपार जाणारा एक दगड हवा. ज्या गवंड्यांसाठी हे वाक्य लिहिले गेले त्यांच्या भाषेत ते नव्हते, आणि ज्या खेड्यांत ते लागू पडत होते तेथे बांधकामाची तपासणी करणारी यंत्रणाच नव्हती. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्या नव्या वसाहतींबद्दल पुष्कळ टीका झाली. तो स्वतंत्र विषय आहे.

26 जानेवारी 2001 च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातने निराळा मार्ग धरला. बहुतेक कुटुंबांनी आपली घरे स्वतः बांधावीत, सरकारने मदत हप्त्यांनी द्यावी, आणि ठरावीक टप्प्यापर्यंतचे काम अभियंत्याने पाहिल्यावरच पुढचा हप्ता सुटावा. गवंड्यांची प्रशिक्षणे झाली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, काँक्रीटखाली जाणारी माहिती झाकली जाण्यापूर्वीच तिला किंमत देण्यात आली. क्वेट्टाच्या लष्करी शिस्तीचे काम येथे हप्त्याने केले. (त्याच भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत, तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवलेल्या कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांतील अनेकांचे नकाशे रीतसर मंजूर होते.)

आता ठेकेदाराचे कायद्यातील स्थान पाहावे. 1972 च्या अधिनियमाने वास्तुविशारदाची नोंदणी होते. वीजजोडणीचे काम करणाऱ्याला परवाना लागतो. 2016 च्या स्थावर संपदा अधिनियमाने विकासकावर संरचनेतील दोषांबद्दल पाच वर्षांची जबाबदारी टाकली. पण तो सदनिका विकणाऱ्या प्रकल्पांना लागू आहे. स्वतःच्या भूखंडावर स्वतःसाठी घर बांधणारा मालक आणि त्याचा ठेकेदार या जोडीला तो शिवत नाही. देशातील कितीतरी घरे अशीच बांधली जातात. त्या ठेकेदाराला ना परीक्षा, ना परवाना. त्याला दोष देणे सोपे आहे. त्याला कोणी काही शिकवल्याची नोंद मात्र मला कोठे आढळली नाही.

नाशिकचे सांगायचे राहिले. ठेकेदाराशी माझे बोलणे चालू असताना लोखंड बांधणारा फिटर बाजूला बसून ऐकत होता. बिहारकडचा, चाळिशीतला. त्याने एक रिंग उचलली, पाट्यावरील खिळ्यांत अडकवली आणि दोन हिसक्यांत दोन्ही टोके बरोबर 135 अंशांत आत वळवून माझ्यापुढे धरली. हे कोठे शिकलास, असे विचारता म्हणाला, “कच्छ में, साहब. उधर इंजिनियर देखके जाता था. इधर कोई माँगता नहीं.”

त्याची मजुरी किलोवर होती. कोन कोणताही असो, वजन जवळपास तेच, वेळ मात्र जास्त. त्याने किलोमागे वाढीव दर मागितला. हिशेब केला तेव्हा साऱ्या घराच्या रिंगांचा फरक आमच्या मुख्य दाराच्या पितळी कड्या-कोयंड्यांपेक्षा कमी निघाला. मी तो मान्य केला, आणि बांधून झालेल्या रिंगा सोडवून पुन्हा वळवण्यात दोन दिवस गेले. ठेकेदार त्या दोन दिवसांबद्दल थोडा नाराज होता. शेजारच्या भूखंडावर पुढच्या महिन्यात त्याचेच काम सुरू झाले; तेथे रिंगा काटकोनातच होत्या. फिटरही तोच होता.