रात्र मोजणारे झाड : पॅरिसच्या काचगृहातील एका विस्मृत शोधाची कथा (थ्रेड)

१. विसाव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट. पॅरिसमधील एका काचगृहात, ऐन हिवाळ्यात, हॉपची जेमतेम काही पानांची रोपे अचानक फुलावर आली. उघड्यावर हाच वेल उन्हाळाभर वाढतो, उंच चढतो आणि मगच फुलतो. त्याच काचगृहात भांगेची रोपेही बालवयातच फुलली. या क्षुल्लक वाटणाऱ्या विसंगतीतून वनस्पतिशास्त्रातील एक मोठा शोध जन्माला आला. तो ज्याच्या हाती प्रथम लागला, त्याचे नाव मात्र आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

२. त्या तरुण फ्रेंच संशोधकाचे नाव झ्युलियाँ तूर्न्वा. त्याचा मूळ विषय फुलण्याचा काळ हा नव्हताच. हॉप आणि भांग या एकाच कुळातील वनस्पती, आणि दोहोंमध्ये नर व मादी झाडे वेगळी असतात. ही लिंगभिन्नता कशी ठरते, याचा तो अभ्यास करीत होता. हिवाळ्यात पेरलेली रोपे अकाली फुलू लागली, तेव्हा त्याने हा अभ्यासातील व्यत्यय मानला नाही. त्याने प्रश्नच बदलला : झाडाला फुलण्याची वेळ कळते कशी?

३. त्या काळी या प्रश्नाची ठरलेली उत्तरे होती. झाड वयात आले की फुलते. पुरेसे अन्न साठले की फुलते. ऊब मिळाली की फुलते. काचगृहात ऊब असतेच, म्हणून तेथे फूल लवकर येते, असे कोणताही माळी सहज म्हणाला असता. पण काचगृह तर वसंतातही उबदारच असते. हिवाळ्यात बाहेरच्या जगाप्रमाणेच आतही बदललेली एक गोष्ट होती, आणि ती काचेला अडवता येत नव्हती : दिवसाची लांबी.

४. येथे अक्षांश ध्यानात घ्यावे लागतात. पुण्यात वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. फरक दोन-सव्वादोन तासांचा. पॅरिसमध्ये जूनमधील दिवस सोळा तासांहून मोठा, तर डिसेंबरमधील जेमतेम सव्वाआठ तासांचा. फरक जवळजवळ आठ तासांचा! तेथील काचगृहात हिवाळी रोप वाढत होते ते प्रदीर्घ रात्रींच्या सोबतीने.

५. तूर्न्वाने हे अनुमान कसोटीला लावले. त्याने हॉप आणि भांगेच्या रोपांना दिवसातून केवळ सहा तास उजेड दिला आणि उरलेला वेळ ती अंधारात झाकून ठेवली. रोपे अकाली फुलली. १९१२ मध्ये हे निष्कर्ष फ्रेंच विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात प्रसिद्ध झाले. १९१४ मध्ये तो आणखी एक पाऊल पुढे गेला. अकाली फुलण्याचे कारण दिवस लहान होणे हे नसून रात्र मोठी होणे हे अधिक आहे, असे त्याने मांडले.

६. हे वाक्य पुढे कित्येक वर्षे उपेक्षित राहिले. १९१४ मध्येच युरोपात महायुद्ध पेटले. तूर्न्वा त्या युद्धात मारला गेला. त्याचे प्रयोग जेथे थांबले तेथेच थांबले. ते पुढे नेणारा कोणी शिष्य नव्हता, आणि लढणाऱ्या युरोपाला हॉपच्या फुलांविषयी विचार करण्यास सवड नव्हती.

७. त्याच सुमारास जर्मनीत हायडेलबर्ग येथे गेओर्ग क्लेब्स उलट्या दिशेने त्याच सत्याजवळ पोहोचला होता. त्याच्यापाशी उन्हाळ्यात फुलणारी सेम्परव्हिवम ही वनस्पती होती. हिवाळी काचगृहात काही दिवस विजेचा अखंड उजेड देऊन त्याने ती अवेळी फुलवली. प्रकाश येथे केवळ अन्ननिर्मितीसाठी नव्हे, तर इशाऱ्यासारखा काम करतो, हे त्याने ओळखले. १९१८ मध्ये क्लेब्सचेही निधन झाले.

८. आता कथा अमेरिकेत जाते. तेथे ‘मेरीलँड मॅमथ’ नावाचे तंबाखूचे एक वाण होते. उंची दहा फुटांहून अधिक, पाने शंभराच्या घरात. पण शेतात ते हिमतुषार पडेपर्यंत फुलतच नसे, आणि फूल नाही तर बी नाही. तेच झाड हिवाळ्यात काचगृहात नेले की मात्र फुले. कृषी खात्यातील वैटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलार्ड यांच्यापुढे तूर्न्वाचेच कोडे दुसऱ्या रूपात उभे राहिले.

९. जुलै १९१८ मध्ये त्यांनी एक साधी अंधारी खोपटी उभारली. तंबाखूच्या कुंड्या आणि सोयाबीनची पेटी दुपारी चार वाजता आत जाई व दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बाहेर येई. भर उन्हाळ्यात त्या झाडांना केवळ सात तासांचा दिवस मिळाला, आणि ती फुलली. बाहेरची झाडे नुसती वाढत राहिली. पुढे हिवाळी काचगृहात विजेच्या दिव्यांनी दिवस लांबवला, तेव्हा तंबाखूचे फुलणे थांबले व पाने येत राहिली. १९२० मध्ये त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला आणि या घटनेला ‘फोटोपिरिऑडिझम’ हे नाव मिळाले.

१०. गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी अनेक वनस्पती तपासून सर्वसाधारण नियम मांडला. त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु अशा वनस्पतींना त्यांनी ‘लघुदिवसी’ म्हटले. १९३८ मध्ये कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी झँथियम या काटेरी फळांच्या तणावर प्रयोग केले. दिवसात मध्येच अंधार केला, काही बिघडले नाही. रात्रीच्या मध्यात केवळ एक मिनिट दिवा लावला, फुलणे थांबले. झाड दिवस मोजत नव्हते. सलग अंधार मोजत होते. तूर्न्वाचे म्हणणे चोवीस वर्षांनी खरे ठरले. नाव मात्र ‘लघुदिवसी’ हेच राहिले. पुराव्याहून लेबल दीर्घायुषी असते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे नाही.

११. हा अंधार मोजणारा घटक कोणता? अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला. रात्र ‘मोडण्यास’ लाल प्रकाश सर्वांत प्रभावी ठरला. १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवरील प्रयोगांत लाल प्रकाशाचा परिणाम अतिरक्त प्रकाशाने उलटतो, असे दिसले. आणि १९५९ मध्ये ‘फायटोक्रोम’ हे रंगद्रव्य प्रत्यक्ष हाती लागले. पानातील हा रेणू उजेड आणि अंधार यांची नोंद ठेवतो.

१२. या साऱ्याचा व्यावहारिक अर्थ भांगेच्याच झाडावर उत्तम दिसतो. नर-मादी वेगळी असल्याने बियांपासून आलेली रोपे एकसारखी निघत नाहीत. म्हणून निवडक मादी झाड ‘मातृरोप’ म्हणून राखतात आणि त्याच्या फांद्यांपासून छाट कलमे करतात. पण हिवाळी काचगृहात निसर्गावर सोडले, तर लांब रात्री त्याला फुलवतात. पाने व कोवळे शेंडे यांची वाढ मंदावते, आणि कलमांसाठी ते फारसे उपयोगी राहत नाही. उपाय तूर्न्वाच्या प्रयोगाच्या बरोबर उलट : दिव्यांनी रात्र तोकडी करणे. १९६८ पासून संशोधनासाठी शासनमान्य लागवड करणाऱ्या मिसिसिपी विद्यापीठात मातृरोपांना रोज अठरा तास उजेड देऊन ती कायम शाकीय अवस्थेत ठेवण्याची पद्धत वापरली जाते.

१३. भारतात १९८५ च्या कायद्याने परवान्याविना या झाडाची लागवड हा गुन्हा आहे. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे या झाडाचा फुलोरा. पण हेच तत्त्व महाराष्ट्रात शेवंतीच्या पॉलिहाउसमध्ये रोज वापरात आहे. शेवंतीही लांब रात्रीची वाट पाहणारी. लागवडीनंतर काही आठवडे रात्री दिवे लावून तिची उंची वाढवतात. मग दिवे बंद करून, गरज पडल्यास काळे कापड ओढून, तिला फुलण्याची आज्ञा देतात.

१४. विज्ञानाचा इतिहास बहुधा पूर्ण झालेल्या शोधांचा लिहिला जातो. अर्ध्यात तुटलेल्या प्रयोगांना त्यात तळटीपेपुरती जागा मिळते. तूर्न्वाकडे ना मोठी यंत्रणा होती, ना पुढची वर्षे. होती ती काही अकाली फुललेली रोपे आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष न करण्याची वृत्ती. रात्री महामार्गावरून जाताना एखादे पॉलिहाउस पिवळ्या उजेडात न्हालेले दिसले, तर त्या दिव्यांमागे युद्धात हरवलेल्या या माणसाचे एक अचूक वाक्य आहे, एवढे स्मरावे.

(समाप्त)