राणीच्या बागेतले पेंग्विन आणि आपले खारबंधारे

२०१६ च्या जुलैत सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्याच्या राणीच्या बागेत आले. पेण-रोह्याची पोरंही बघून आली. काचेमागची ती गार हवा बघून वाटतं, हा बर्फातला पक्षी. पण तसं नाही. त्याचं गाव म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिलीचा कोरडा, खडकाळ किनारा. त्या किनाऱ्याचा इतिहास आपल्या खारपट्टीतल्या माणसाने वाचावा असा आहे.

पेरूच्या बेटांवर पाऊस जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे समुद्रपक्ष्यांची विष्ठा शतकानुशतकं साचत गेली. काही ठिकाणी तिचे थर शंभर फुटांच्याही वर होते. हेच ग्वानो खत. पेंग्विन त्यातच बीळ करून अंडी घालायचे. १८४० नंतर युरोपच्या शेतीला या खताची चटक लागली. चीनहून करारावर आणलेले मजूर जुंपले, जहाजंच्या जहाजं भरली आणि काही दशकांत मोठमोठी बेटं खडकापर्यंत खरवडून झाली. पेंग्विनला बीळ करायला जागा उरली नाही. उघड्यावरची अंडी नि पिल्लं उन्हाने आणि शिकारी पक्ष्यांनी संपवली.

मग १९०९ मध्ये पेरू सरकारने ग्वानोसाठी स्वतंत्र कंपनी काढली. हिशेब सरळ होता, खत पाहिजे तर पक्षी जगला पाहिजे. बेटांवर राखणदार बसवले. विणीच्या हंगामात पक्ष्यांना त्रास द्यायचा नाही, असं ठरलं. पुंता सान हुआन नावाच्या भूशिरावर तर कोल्हे-कुत्री आत येऊ नयेत म्हणून आडवी भिंत घातली. भिंत घातली खत देणाऱ्या पक्ष्यांसाठी, पण तिच्याआड पेंग्विनची मोठी वसाहतही टिकली.

पुढचा घाव समुद्रातून बसला. पेंग्विनचं अन्न म्हणजे अँचोव्हेटा मासा, आपल्या मांदेलीच्याच कुळातला. १९७० मध्ये पेरूने तो एक कोटी वीस लाख टनांहून जास्त पकडला, बराचसा कोंबड्या-गुरांच्या खाद्यासाठी. त्यात १९७२ चा एल निनो आला आणि धंदाच बसला. बेट राखलं, समुद्र राखायचा राहिला. अखेर २००९ मध्ये बेटं, भूशिरं आणि भोवतालचं पाणी मिळून एकच राखीव क्षेत्र झालं.

आता आपल्याकडे या. नागोठण्यावरून येणारी आंबा आणि पेणची भोगावती धरमतरच्या खाडीला मिळतात. रोह्याच्या खाली कुंडलिकेची खाडी. या काठांवर आपल्या वाडवडिलांनी बांध घालून खाजणात भात पिकवला. बांधाबाहेर तिवरं, लाट त्यांच्यावर फुटायची. उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर जायचं, भरतीचं आत यायचं नाही. खांड पडली की सगळा गाव चिखलात उतरायचा.

पुढे १९४८ चा आणि मग १९७९ चा खारभूमी कायदा आला, योजनेतले बांध सरकारी खात्याकडे गेले. गावाचा हात सुटला आणि दुरुस्ती रखडायला लागली. खांड वेळेत बुजली नाही की खारं पाणी शेतात शिरतं नि काही वर्षांत तिथे तिवर उभं राहतं. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कांदळवन तोडायला मनाई केली. मनाई योग्यच आहे, कोळंबी, खेकडे, जिताड्याची पिल्लं तिथेच वाढतात. पण ज्याचं भातशेत गेलं तो शेतकरी तिवराकडे वैरी म्हणून बघतो. त्याचा राग खोटा नाही, फक्त पत्ता चुकलाय. शेत तिवराने नाही खाल्लं, न बुजवलेल्या खांडीने खाल्लं.

पेरूचा धडा मला एवढाच दिसतो. नुसत्या मनाईने राखण होत नाही. राखणीला माणसं लागतात, पैसा लागतो, दरवर्षी काम लागतं. आणि राखणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडावं लागतं. बाहेरची तिवरं राखायची असतील तर आतला बांध पावसाआधी धड झालाच पाहिजे. ज्यांची शेतं आधीच गेलीत त्यांना मोबदला मिळायला हवा.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. आपल्या गावची कुठली खांड कधी पडली, किती एकर गेलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. सांगणारे आहेत तोवरच हे होईल.