ब्रिटनमधील दुकानचोरी : ऋतुचक्र, कायदा आणि वास्तव

दुकानात विक्रीसाठी मांडलेली वस्तू अप्रामाणिक हेतूने, मोबदला न देता उचलून नेणे म्हणजे दुकानचोरी होय. इंग्लंड आणि वेल्समध्ये या अपराधासाठी स्वतंत्र कायदा नाही. १९६८ च्या चोरीविषयक अधिनियमातील चोरीच्या सर्वसाधारण व्याख्येतच तो मोडतो. उत्तर आयर्लंडसाठी १९६९ चा अधिनियम लागू आहे, तर स्कॉटलंडमध्ये चोरी हा परंपरेने चालत आलेल्या सामान्य कायद्याखालील अपराध मानला जातो.

पोलिसांच्या नोंदींत मात्र दुकानचोरीची गणना वेगळी केली जाते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या आकडेवारीनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ साली ४,३०,१०४ गुन्हे नोंदले गेले. २०२४ साली ही संख्या ५,१६,९७१ झाली आणि मार्च २०२५ अखेरच्या बारा महिन्यांत ती ५,३०,६४३ वर पोहोचली. सध्याची नोंदपद्धत सुरू झाल्यापासूनचा हा तोवरचा उच्चांक होता. ब्रिटिश रिटेल कन्सॉर्शियम या व्यापारी संघटनेचा अंदाज याहून कितीतरी मोठा आहे. तिच्या २०२५ च्या अहवालात एका वर्षातील चोरीच्या घटना २ कोटींहून अधिक आणि नुकसान सुमारे २ अब्ज २० कोटी पौंड असल्याचे म्हटले आहे. बहुतेक चोऱ्या पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत, हेच या दोन आकड्यांमधील तफावतीचे मुख्य कारण होय.

ऋतूंचा प्रभाव

कोणत्या वस्तूंकडे चोरांचे लक्ष अधिक जाते, याचे विवेचन गुन्हेशास्त्रज्ञ रोनाल्ड क्लार्क यांनी १९९९ मध्ये ब्रिटिश गृहखात्यासाठी लिहिलेल्या निबंधात केले आहे. लपवण्यास सोपी, हलवण्यास सोपी, सहज उपलब्ध, मौल्यवान, उपभोगास योग्य आणि चटकन विकता येणारी, अशी वस्तू चोरीस अधिक जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ऋतू बदलला की या सहा गुणांपैकी काहींचे पारडे वरखाली होते.

हिवाळ्यात लपवणे सोपे होते. जाड कोट, हातमोजे आणि मोठ्या पिशव्या यांत वावगे काहीच दिसत नाही. डिसेंबरात लंडनमध्ये दुपारी चारच्या आधीच सूर्यास्त होतो आणि खरेदीची गर्दी अंधारात होते. नोव्हेंबरअखेरच्या 'ब्लॅक फ्रायडे'ने हा हंगाम आणखी लांबवला. २०१० मध्ये ॲमेझॉनने आणि २०१३ मध्ये ॲस्डाने ही अमेरिकी प्रथा ब्रिटनमध्ये रुजवली. भेटवस्तू, मद्य, सुगंधी द्रव्ये आणि खेळणी यांचा साठा याच काळात सर्वाधिक असतो, तर गल्ल्यावर आणि दालनांत हंगामापुरते नेमलेले नवखे कर्मचारी असतात. नाताळानंतर चोरलेला माल 'परत' करून पैसे किंवा व्हाउचर मिळवण्याचे प्रयत्न होतात. त्यामुळे अनेक दुकाने जानेवारीत पावतीविषयी अधिक काटेकोर असतात. डिसेंबरातील खरी तूटही पुष्कळदा नंतरच्या साठा-मोजणीतच उघड होते.

वसंतात ईस्टरनिमित्त चॉकलेटची अंडी आणि सणाच्या भोजनासाठी मेंढीचे मांस दर्शनी भागात येते. मांस ही लहान, महाग आणि लगेच विकली जाणारी वस्तू असल्याने त्यावर सुरक्षा-टॅग लावण्याची पद्धत आता नवी राहिलेली नाही. उन्हाळ्यात कोटाचा आडोसा जातो. पण दिवस रात्री नऊपर्यंत लांबतो, दरवाजे उघडे राहतात, आणि थंड पेये, मद्य व बार्बेक्यूचे मांस प्रवेशाजवळ मांडले जाते. शाळांना सुट्टी लागते आणि मुलांची ये-जा वाढते. शरद ऋतूत गणवेश, शालेय साहित्य आणि त्यानंतर हॅलोविनचा माल येतो. अशा रीतीने प्रत्येक ऋतूत वस्तू आणि पद्धत बदलते. चोरी मात्र कोणत्याही महिन्यात पूर्णपणे थांबत नाही.

बारमाही कारणे

केवळ सणासुदीच्या गर्दीने एवढ्या मोठ्या आकड्यांचा उलगडा होत नाही. सांख्यिकी कार्यालय बारा महिन्यांची एकत्रित तुलना करते. त्यात ऋतूंचे चढउतार विरघळून जातात आणि तरीही मार्च २०२५ पर्यंत आलेख चढताच दिसत होता. सेंटर फॉर सोशल जस्टिस या संस्थेच्या २०१८ च्या अहवालाने दुकानचोरीचा फार मोठा हिस्सा हेरॉइन आणि कोकेनच्या व्यसनाशी जोडला होता. व्यसनाची गरज दररोजची असते. तिला नाताळ किंवा ईस्टर नसतो. दुसरे कारण संघटित टोळ्यांचे. एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरून मागणीनुसार माल उचलणाऱ्या या टोळ्यांविरुद्ध व्यापारी कंपन्या आणि पोलीस यांनी २०२३ मध्ये 'प्रोजेक्ट पेगासस' ही संयुक्त मोहीम सुरू केली. तिसरे कारण महागाईचे. मार्च २०२३ मध्ये अन्नपदार्थांची वार्षिक दरवाढ १९ टक्क्यांच्या पुढे गेली होती. त्याआधीच, २०२२ मध्ये, काही सुपरमार्केटांत लोण्याच्या डब्यांवरही सुरक्षा-टॅग दिसू लागले होते. तरीही गरज आणि चोरी यांचे समीकरण सरळ मांडता येत नाही. दरवाढीचा वेग पुढे ओसरला, पण नोंदलेल्या चोऱ्या वाढतच राहिल्या.

उलट दिशेचा पुरावा करोनाकाळाने दिला. मार्च २०२१ अखेरच्या वर्षात नोंदलेली दुकानचोरी आधीच्या वर्षापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने घटली. बहुतेक दुकाने बंद होती आणि उघडी होती तेथे प्रवेश मोजका होता. चोरी संधीवर किती अवलंबून असते, हे त्या एका वर्षात स्पष्ट झाले.

इतिहास आणि शब्द

१६९९ च्या कायद्याने पाच शिलिंग किंवा त्याहून अधिक किमतीचा माल दुकानातून गुपचूप चोरणाऱ्यास फाशीची तरतूद केली. सॅम्युअल रोमिली यांनी ती रद्द करण्यासाठी मांडलेले विधेयक १८१० मध्ये लॉर्ड्स सभागृहाने फेटाळले. ही शिक्षा हटण्यास १८२० चे दशक उजाडावे लागले. कादंबरीकार जेन ऑस्टिन यांच्या मामी जेन ली-पेरट यांच्यावर ऑगस्ट १७९९ मध्ये बाथ येथील दुकानातून लेस चोरल्याचा आरोप झाला होता. अनेक महिने अटकेत काढल्यानंतर मार्च १८०० मध्ये टाँटन येथे त्यांची निर्दोष मुक्तता झाली. पुढे लंडनच्या एलिफंट अँड कॅसल भागातील 'फॉर्टी एलिफंट्स' ही स्त्रियांची टोळी गुप्त खिसे शिवलेल्या कोट-झग्यांतून बड्या दुकानांतील माल लंपास करण्यासाठी कुप्रसिद्ध झाली.

या अपराधाच्या नावावरही वाद आहे. नेहमीच्या इंग्रजी शब्दाने गुन्ह्याचे गांभीर्य उणावते, म्हणून तो वापरातून काढावा, अशी सूचना लॉर्ड्स सभागृहाच्या न्याय आणि गृहविषयक समितीने नोव्हेंबर २०२४ मध्ये केली. मराठीत 'उचलेगिरी' हा शब्द रूढ असला तरी त्याला वेगळा इतिहास आहे. ब्रिटिश राजवटीने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याद्वारे संपूर्ण जमातींवर जन्माने गुन्हेगारीचा शिक्का मारण्याचे धोरण सुरू केले. उचल्या समाजाने तो कलंक सोसला. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाने ही वेदना मराठी वाचकांपुढे आणली. म्हणून 'दुकानचोरी' हा तटस्थ शब्द अधिक न्याय्य ठरतो.

कायदा आणि गैरसमज

२०० पौंडांपेक्षा कमी किमतीची चोरी हा गुन्हाच नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. २०१४ च्या कायद्याने २०० पौंडांपर्यंतच्या दुकानचोरीचे खटले सामान्यतः दंडाधिकारी न्यायालयापुरते मर्यादित केले. अटकेचा अधिकार आणि गुन्ह्याचे स्वरूप कायम राहिले. मात्र अशा तक्रारींना पोलीस दुय्यम लेखतात, ही भावना व्यापाऱ्यांत बळावली. ही तरतूद रद्द करण्याचा आणि दुकान-कर्मचाऱ्यांवरील हल्ला स्वतंत्र अपराध ठरवण्याचा प्रस्ताव फेब्रुवारी २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात समाविष्ट करण्यात आला. स्कॉटलंडने कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०२१ मध्येच लागू केला होता. याची निकड स्पष्ट आहे: २०२५ च्या वरील अहवालानुसार दुकान-कर्मचाऱ्यांना दररोज हिंसा किंवा शिवीगाळीच्या २,००० हून अधिक घटनांना तोंड द्यावे लागत होते.

मराठी कुटुंबांच्या दृष्टीने

शिक्षणासाठी आलेले अनेक विद्यार्थी याच दुकानांत अर्धवेळ काम करतात आणि नाताळच्या हंगामात गल्ल्यावर उभे असतात. चोर दिसल्यास त्याला अडवू नये, वरिष्ठांना कळवावे, असेच बहुतेक मोठ्या दुकानांचे धोरण असते. मालापेक्षा जीव मोलाचा, हे त्यामागचे तत्त्व होय.

स्वयंसेवा-गल्ल्यावर एखादी वस्तू स्कॅन करायची राहून जाणे ही चोरी नव्हे, कारण चोरीसाठी अप्रामाणिकपणा सिद्ध व्हावा लागतो. तरीही उन्हाळ्यात भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांना ही यंत्रे अपरिचित असतात. काही सुपरमार्केटांत पावती स्कॅन केल्याशिवाय बाहेरचे फाटकही उघडत नाही. त्यामुळे वस्तू दुकानाच्याच टोपलीत ठेवणे आणि पावती हाती बाळगणे हिताचे ठरते.

प्रत्यक्ष आरोप झाल्यास 'कॉशन' स्वीकारून प्रकरण लवकर मिटवण्याचा मोह होतो. परंतु कॉशन म्हणजे गुन्ह्याची कबुली असते. स्थायी निवास आणि नागरिकत्वाच्या अर्जांत ती जाहीर करावी लागते, आणि डॉक्टरांना तर ती जनरल मेडिकल कौन्सिलला विनाविलंब कळवावी लागते. पोलीस ठाण्यात चौकशी होत असलेल्या प्रत्येकाला विनामूल्य कायदेशीर सल्ल्याचा हक्क आहे. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो बजावणे आवश्यक आहे.