काडतुसातल्या दारूची कुळकथा

१८५८ साली इंग्रजांच्या रायपूर छावणीत हनुमानसिंह हा तिसऱ्या पलटणीचा मॅगझिन लस्कर होता. दारूगोळ्याचे कोठार हे त्याचे कामाचे ठिकाण. १८ जानेवारीच्या संध्याकाळी बंड करून त्याने इंग्रज सार्जंट मेजर सिडवेलला ठार केले. २२ जानेवारीला त्याच्या १७ साथीदारांना जाहीर फाशी झाली. तो मात्र इंग्रजांच्या हाती लागला नाही.

त्याच्या काळची दारू म्हणजे शोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू. सुरुवातीला ती नुसती कुटलेली पूड असे. कधी भसकन पेटे, तर कधी दमट पडून फुसकी निघे. पंधराव्या शतकात युरोपात ही पूड ओलवून तिची ढेप करायची, ती फोडून दाणे चाळून घ्यायचे, अशी रीत रुळली. मसाला तोच, पण बारीक दाणा झपाट्याने जळतो आणि जाड दाणा सावकाश. त्यामुळे पिस्तुलाला बारीक, तोफेला जाड अशी निवड सुरू झाली. १८६०च्या सुमारास अमेरिकेत थॉमस रॉडमनने तोफेसाठी मोठ्या दाण्यांना आरपार भोके पाडली. दाणा बाहेरून झिजतो, तशी भोके आतून रुंदावतात. जळणारा पृष्ठभाग टिकून राहतो आणि गोळा पुढे सरकत असतानाही मागून रेटा मिळतो.

काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घनरूपात उरतो. धूर होतो, नळीत काजळी बसते. १८८४मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएइने नायट्रोसेल्युलोज मळून, लाटून, त्याच्या चकत्या कापल्या आणि बिनधुराची दारू जन्माला आली. इंग्रजांची थ्री-नॉट-थ्री रायफल १८८८मध्ये काळ्या दारूवर सुरू झाली आणि काही वर्षांतच कॉर्डाइटवर आली. कॉर्डाइट म्हणजे बिनधुराच्या दारूच्या शेवयांसारख्या बारीक कांड्या. ताकद वाढली, पण तापाने नळीच्या आतले पिळदार आटे झिजू लागले; तेव्हा आट्यांची घडणही बदलावी लागली आणि पुढे कॉर्डाइटमधले नायट्रोग्लिसरीनही कमी करावे लागले.

परदेशात नेमबाज रिकामी काडतुसे घरी पुन्हा भरतात, तेव्हा तेही याच वारशातून निवड करतात. जड गोळी आणि लांब नळी असेल तर सावकाश जळणारी दारू, पिस्तुलाला चटकन जळणारी. रायफलच्या जड गोळीमागे पिस्तुलाची दारू पडली, तर गोळी पुरती हलण्याआधीच दाब कडेलोटाला जातो आणि बंदूक हातात फुटू शकते. म्हणून दारू रंगरूपावरून ओळखायची नसते, दोन जाती एकत्र करायच्या नसतात, आणि माप उत्पादकाच्या तक्त्याबाहेर न्यायचे नसते.

रायपूरहून नागपूरकडे जाताना भंडारा लागते. तिथल्या जवाहरनगरचा आयुध कारखाना १९६०च्या दशकातला. तिथे गोळीला रेटा देणारी दारू, म्हणजे प्रणोदक, बनते. २४ जानेवारी २०२५च्या स्फोटात तिथले किमान ८ कामगार गेले. दारूला वेसण घालायची विद्या पाच शतके अशाच हातांनी जोखीम घेऊन वाढवली आहे. काडतुसाच्या इतिहासात सेनापती आणि संशोधकांबरोबर या कामगारांचीही नोंद हवी.